तीन वाजून चाळीस

लुवुनो काहिंदी गर्विष्ठ आहे, असं तिच्या माघारी अर्धी नैरोबी म्हणायची आणि तोंडावर एकटा मुसेंबी म्हणायचा. असेना का गर्विष्ठ! चाळीस हजारांवर दारांना काय चिकटवलंय ते एका पडद्यावर आणून दाखवणाऱ्या बाईनं मान जरा ताठ ठेवली, तर कुणाच्या बापाचं काय जातं?

त्या दारांची हकीकत अशी. मतं मोजून झाली की केंद्राध्यक्षानं निकालाचा कागद भरायचा, झाडून सगळ्या पक्षांच्या एजंटांनी खाली सह्या करायच्या आणि एक प्रत त्याच शाळेच्या दाराला डकवायची. येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावी, फोटो काढावा, कुणाची ना नाही. पण पुढे त्या कागदाचं काय व्हायचं? वारा यायचा, शेळी यायची, कागद संपायचा. मग राजधानीत कुणी काहीही आकडा सांगो, ताडून बघायला गावाच्या हातात काही उरायचं नाही. लुवुनोनं त्या फोटोंना एक घर करून दिलं. नाव ठेवलं ‘म्लांगोनी’, म्हणजे ‘दाराशी’. गावातल्या कुणीही फोनवरून फोटो पाठवायचा, नैरोबीत बसलेली माणसं त्यातले आकडे टंकायची, आणि देशाची बेरीज सगळ्या देशासमोर व्हायची.

आणि नुसती बेरीज नव्हे बरं का! प्रोग्राममध्ये तिनं तीन चाळण्या बसवल्या होत्या. पहिली बेरीज तपासायची, दुसरी सह्या मोजायची. तिसरी वेळेची, आणि ती तिच्या खास लाडाची. मतदान संपतं संध्याकाळी पाचला. सहीची वेळ त्याच्या आधीची असली, तर मतं पडायच्या आत निकाल लिहून ठेवला, दुसरं काय? असा कागद लाल व्हायचा. जाहीर लाल, आख्ख्या देशाला दिसेल असा. मध्ये कुणाचा हात नाही, वशिला नाही, थांबा-बघू नाही. “माणूस मध्ये आला की भीड आली,” असं ती प्रत्येक भाषणात सांगायची आणि टाळ्या घ्यायची.

मतदान होऊन दुसरा दिवस उजाडला होता. एका बंद कॉलेजचा तिसऱ्या मजल्यावरचा हॉल त्यांना मिळाला होता, आणि तिथे दोनशे माणसं टंकत बसली होती. निवृत्त पोस्टमास्तरीण होती, रजेवरच्या नर्सा होत्या, चर्चमधला पेटीवाला होता. फुकट राबत होती सगळी. लुवुनो त्यांच्या रांगांमधून फिरली की तिचा ऊर खरंच भरून यायचा.

“चार वाजले! चहा आला, मंदाझी आली!” मुसेंबीनं दारातून आरोळी ठोकली. मुसेंबी हा तिचा जोडीदार, आकड्यांची कोठी सांभाळणारा. पोट सुटलेलं, तोंड त्याहून सुटलेलं. भिंतीवर दहा वाजले होते. त्यात चुकीचं काही नाही. बोलताना आपले तास सूर्याबरोबर सुरू होतात, सकाळचे सात म्हणजे एक, मग दहा म्हणजे चार. दोनशे माणसं चहाला उठली, एकालाही त्याचं काही वाटलं नाही.

चहाच्या कपावर कप वाजत असतानाच न्जोकी धावत आली. न्जोकी वकील. म्लांगोनीच्या वतीनं पत्रकारांना तोंड द्यायचं काम तिच्याकडे होतं.

“लुवुनो, टीव्ही बघ. आत्ताच्या आत्ता.”

टीव्हीवर वल्हं पक्षाचा प्रवक्ता बसला होता. चौकड्याचा टाय, हातात म्लांगोनीच्या पानाचा छापील कागद. यंदा लढत दोघांतच होती, वल्हं आणि घागर, आणि फरक इतका बारीक की दर तासाला पारडं हलत होतं.

“अडतीस केंद्रं!” प्रवक्ता गरजत होता. “सगळीच्या सगळी किनाऱ्यावरची! मतदान चालू असतानाच निकाल तयार! हे मी म्हणत नाही, म्लांगोनी म्हणतंय, ज्यांच्यावर तुमचा एवढा विश्वास! हे पहिलंच बघा. म्वेम्बेनी प्राथमिक शाळा. सही दुपारी तीन चाळीसची. केंद्राध्यक्ष कोण, तर कुणी कादझो चेंगो. या बाईला आधी आत टाका. आणि किनाऱ्याची सगळी मतं बाजूला काढा, मग बघू कोण जिंकतं.”

हॉलमध्ये कुणीतरी शीळ घातली. “पकडला चोर!” पेटीवाला म्हणाला. “शाब्बास गं लुवुनो, तुझी चाळणी!”

लुवुनो हसली नाही. कादझो चेंगो तिची आई होती. आडनाव वेगळं, त्यामुळे हॉलमध्ये कुणाला पत्ता नव्हता. म्वेम्बेनीत मात्र आईला कुणी नावानं हाक मारतच नसे, गावभर ती ‘म्वालिमू’. शाळेच्या बाई. चौतीस वर्षं त्याच शाळेत शिकवून निवृत्त झालेली, आणि त्याच शाळेच्या दारावर तिनं तो कागद डकवलेला.

लुवुनो आपल्या जागेवर गेली आणि तिनं कागद उघडला. आईचं अक्षर! तिनाचं शेपूट खाली ओढलेलं, चाराचं पोट बंद. घागर दोनशे पंचाहत्तर, वल्हं दोनशे चौदा, बाद चौदा, एकूण पाचशे तीन. बेरीज चोख. सह्या सहाच्या सहा. आणि वेळेच्या रकान्यात तीन चाळीस, त्याच्यापुढे तपकिरी डाग, शाईचा की चिखलाचा कोण जाणे. डाग बघून तिला जास्तच वाईट वाटलं. आई डाग पडू देणाऱ्यातली नव्हती. तिच्या वर्गात खोडरबरला बंदी होती. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर उत्तर लिहायचं आणि आपल्या नावाची अक्षरं घालायची. “पुसतो तो लपवतो,” म्हणायची. पुसलेलं सापडलं की पुसणाऱ्याला आख्खं पान पुन्हा लिहावं लागे, आणि पोटची मुलगी म्हणून लुवुनोला दोनदा.

तिनं जिन्यात जाऊन फोन लावला.

“आई, निकालाच्या कागदावर सही किती वाजता केलीस?”

“आधी ‘कशी आहेस’ विचारायची पद्धत नैरोबीत बंद झाली का?”

“आई, सांग ना लवकर.”

“लिहिलंय की कागदावर. तीन वाजून चाळीस.”

“नक्की?”

“घड्याळ समोर होतं, सहा एजंट डोळ्यांत तेल घालून बघत होते. तीन वाजून चाळीस. त्याचं काय?”

लुवुनोनं डोळे मिटले. “तेव्हा... तेव्हा मतं तरी मोजून झाली होती का?”

 पलीकडे आईच्या मागून माणसांचा गलका ऐकू येत होता.

“लुवुनो,” आई म्हणाली, आणि तो आवाज घरातला नव्हता, वर्गातला होता. “वल्ह्याची माणसं ट्रक भरून आलीत. अंगणात उभी राहून ‘चोर बाई, बाहेर ये’ म्हणून ओरडतायत. मी खुर्ची दारात मांडून बसले आहे, त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही. म्हटलं, माझी मुलगी आहे तिथे, ती बघून घेईल. आणि तू मला हे विचारतेस?”

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला गेला नाही.

आणि इथे खरं ते सांगायलाच हवं. त्या जिन्यात उभ्या उभ्या क्षणभर लुवुनोला वाटलं, की आईनं लबाडी केली. आई! जी मुलीला सुद्धा अर्धा गुण वाढवून देत नसे, ती! पण तोंडानं स्वतःच कबूल करते ना, तीन चाळीस म्हणून? मग दमली असेल, कुणी धमकावलं असेल, दुपारीच कोऱ्या कागदावर वेळ टाकून घेतली असेल. मनाला लाज नसते, ते काय वाटेल ते सुचवतं. आणि असं सुचलं म्हणून तिला स्वतःचीच इतकी शिसारी आली, की ती पायरीवर बसून ढसाढसा रडली.

रडून झाल्यावर खिडकीतून खाली बघत बसली, दुपार झाली तरी उठली नाही. रस्त्यावर दुकानं अर्धी उघडी, अर्धी बंद. निकाल लागेपर्यंत हा देश असाच श्वास धरून बसतो. दर पाच वर्षांनी! तिनं म्लांगोनी बांधायला घेतलं ते याचसाठी. पुढारी म्हणायचे, आमच्यावर विश्वास ठेवा. विरोधक म्हणायचे, त्यांच्यावर ठेवू नका, आमच्यावर ठेवा. तिनं ठरवलं, कुणावरच ठेवायला नको. दारावरचा कागद बघा आणि आपली बेरीज आपण करा. मोठ्या अभिमानानं ठरवलं होतं. पण आता त्याच बेरजेतून एक ट्रक निघाला होता आणि तिच्या आईच्या अंगणात जाऊन उभा राहिला होता, आणि त्याला पत्ता देणारी ती स्वतः होती. आता लाल खूण ठेवली तर आई चोर ठरते. काढली तर मुलीनं आईसाठी निकाल फिरवला असं होतं, आणि मग चाळीस हजार दारांवरच्या कागदांना कोण विचारतो?

न्जोकी शोधत शोधत आली. लुवुनोनं सगळं सांगितलं.

“अगं बाई!” न्जोकी तिच्या शेजारीच बसली. “आता ऐक. त्या कागदाला तू बोट लावायचं नाहीस. मुसेंबी बघेल, मी बघेन. तू पडद्यापासून लांब राहा.”

“आणि आई?”

“आईला वकील बघू.”

“माझ्या आईला वकील!” लुवुनो म्हणाली. तिला पुन्हा रडू फुटणार होतं, तेवढ्यात वरून मुसेंबीचा आवाज घुमला.

“सात वाजले! उगाली गार होतेय, सुकुमा संपत आली! ज्यांना उपास आहे त्यांनी आपली ताटं माझ्याकडे द्या!”

लुवुनोनं सवयीनं हातातल्या फोनकडे बघितलं. तेरा वाजले होते. दुपारचा एक. ती पुन्हा फोनकडे बघत राहिली. मग उठली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

“मुसेंबी, काय म्हणालास?”

“सुकुमा संपत आली.”

“त्याच्या आधी.”

“सात वाजले म्हणालो. वाजलेच आहेत. काय झालंय तुला?”

“तीन वाजून चाळीस मिनिटं म्हणजे किती रे?”

“दिवसाचे की रात्रीचे?” हातातला उगालीचा गोळा तोंडात टाकत मुसेंबी म्हणाला. “ते सांगितल्याशिवाय मी काय सांगणार? रात्रीचे असतील तर इंग्रजी नऊ चाळीस.”

मग त्याचं चावायचं थांबलं. त्यानं लुवुनोकडे बघितलं, लुवुनोनं त्याच्याकडे. “अरे देवा,” तो म्हणाला, आणि तोंडातला घास तसाच ठेवून खुर्चीकडे पळाला.

आईचा सोडून बाकीचे सदतीस कागद त्यांनी एकामागून एक उघडले. दोन पन्नास, आणि पुढे एक शब्द: उसिकू. तीन पाच, उसिकू. चार वाजून दहा, उसिकू. उसिकू म्हणजे रात्र! प्रत्येक केंद्राध्यक्षानं वेळ बिनचूक लिहिली होती, स्वाहिलीत, जशी घरात बोलतात तशी, आणि वर रात्र हा शब्द लिहून शंकेला जागा ठेवली नव्हती. मतदान पाचला संपलं, म्हणजे त्यांच्या घड्याळात अकराला; बारा झाले की रात्रीचे तास पुन्हा एकपासून. पुढे चार-पाच तास मोजणी. सगळं जिथल्या तिथे. फक्त लुवुनोच्या चौकटीत आकडेच शिरायचे, अक्षर शिरत नव्हतं.

“मी टंकून बघितलं होतं हो,” पोस्टमास्तरीणबाई ओशाळून म्हणाल्या. “पण शब्द घातला की चौकट लाल होऊन ओरडायची. मग म्हटलं, आकडा तरी जाऊ दे. शेजारचा मनातल्या मनात सहा मिळवून घालत होता, मला वाटलं, असं आपण करणं म्हणजे फेरफार. जे दिसतं तेच लिहावं.”

“तुमचं बरोबर होतं,” लुवुनो म्हणाली. “चूक माझी आहे.”

बघा म्हणजे कशी गंमत! दिवसभर हीच माणसं चारला चहा पितात, सातला जेवतात, बाराला घरी जातात. लुवुनो स्वतः बाळपणापासून त्याच घड्याळावर उठली, झोपली. पण संगणकापुढे बसली की बोटांना दुसरंच घड्याळ लागायचं, आणि जिभेवरचं घड्याळ जणू कधी ऐकलंच नव्हतं. परदेशातून आणलेला प्रोग्राम असता तर त्याला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. हा तिनं लिहिलेला, म्वेम्बेनीच्या पोरीनं.

राहिला आईचा कागद. त्याच्यावर उसिकू नव्हतं, डाग होता. प्रोग्राम फोटोच्या कडा कापून नुसता कागद ठेवायचा. ती हुशारीही लुवुनोचीच. तिनं मूळ फोटो मागवला.

पडद्यावर तो उघडला आणि मागे उभी असलेली माणसं पुढे सरकली. दाराच्या दोन्ही बाजूंना काळाकुट्ट अंधार. एकानं कंदील उंच धरलाय, बाकी चार चेहरे त्या उजेडात कागदाकडे बघतायत, दमलेले आणि भारी खूश. बाजूला आई, हातात खळीची वाटी. लुवुनोनं डाग मोठा करून बघितला. डाग नव्हताच तो. कंदिलाच्या उजेडाला आलेला एक जाडजूड पतंग, पंख पसरून, बरोबर त्या शब्दावर बसला होता.

“दुपारी तीन चाळीसला पतंग!” मुसेंबी म्हणाला, आणि डोळे पुसू लागला. “आकडे आपण सगळ्यांनी वाचले. फोटो कुणी बघितलाच नाही गं.”

पत्रकारांना दुपारी, इंग्रजी चार वाजता बोलावलं. न्जोकीचं म्हणणं, मुसेंबीनं बोलावं, आईचं नाव काढायची गरज नाही.

“नाही,” लुवुनो म्हणाली. “मी झाकलं तर उद्या दुसरा कुणी उघडेल.”

हॉल गच्च भरला. चौकड्याच्या टायवाला प्रवक्ता पहिल्या रांगेत येऊन बसला होता. लुवुनो उभी राहिली. एरवी भाषणात तिचे हात कसे छान फिरायचे, आज ते टेबलाला घट्ट धरून होते.

“अडतीस लाल खुणा चुकीच्या आहेत,” ती म्हणाली. “केंद्राध्यक्ष चुकले नाहीत, टंकणारे चुकले नाहीत. मी चुकले. मी ‘किती वाजले’ विचारलं, ‘दिवसाचे की रात्रीचे’ विचारायला विसरले.” आणि मग तिनं एकेक कागद पडद्यावर दाखवला, मोठ्यानं वाचून. दहाव्या-बाराव्या कागदापासून मागची माणसं तिच्याबरोबर “उसिकू!” म्हणू लागली.

“अजून एक,” ती म्हणाली. “म्वेम्बेनीच्या केंद्राध्यक्ष कादझो चेंगो माझी आई आहे.”

 प्रवक्ता टाळी वाजवून हसला. “वा वा वा! आईसाठी मुलीनं देशाचं घड्याळच बदललं! ऐकलंत ना सगळ्यांनी?”

“म्हणूनच सांगितलं,” लुवुनो म्हणाली.  “माझ्यावर विश्वास ठेवू नका. मुळीच ठेवू नका. प्रोग्राम उघडा आहे, जुना नियम आणि नवा नियम शेजारी शेजारी ठेवलेत. अडतीस फोटो कडा न कापता ठेवलेत. हा म्वेम्बेनीचा. पतंग मी बसवलेला नाही.”

फोटो बघून हशा पिकला. प्रवक्ता उठून उभा राहिला. “फोटो कुणीही कधीही काढेल. हा काढला कोणी?”

“पाठवणाऱ्याचं नाव चारो, आणि चारो नावाची सही कागदावरही आहे,” लुवुनो म्हणाली. “तुमच्या पक्षाचा एजंट आहे. त्याची हरकत नाही हे विचारून ठेवलंय. आपण सगळ्यांसमोर बोलू.”

मुसेंबीनं फोन ध्वनिक्षेपकाशी धरला.

“हां, चारो बोलतोय.”

“चारो, तुमचे प्रवक्ते इथे बसलेत. कागदावर सही किती वाजता केलीत ते त्यांना सांगा.”

“साहेब, शिकामू!” चारोनं आधी थोरांना करायचा तो नमस्कार केला. “तीन चाळीसला केली.”

“बघा!” प्रवक्ता ओरडला.

“रात्रीच्या हो साहेब! दिवसाचे तीन चाळीस म्हणजे न्याहारीची वेळ, तेव्हा कोण मतं मोजतंय? आपण हरलो साहेब. एकसष्ट मतांनी. मी तीनदा मोजायला लावली, म्वालिमूंनी तीनदा मोजली, कपाळाला एक आठी नाही. चौथ्यांदा म्हणालो तर म्हणाल्या, चारो, तुला पाढे मीच शिकवलेत ना? मग मीच गप्प बसलो.” हॉलमध्ये हसू उसळलं, ते चारोला ऐकू गेलं असावं, कारण तो चढ्या आवाजात म्हणाला, “हसू नका! आणि साहेब, तो ट्रक आधी परत बोलवा. आमच्या म्वालिमूंना चोर म्हणतात, आणि पक्ष माझा! गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत तुम्ही मला. मी बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलोय, आता काढा म्हणावं इथून बाहेर.”

प्रवक्त्यानं टाय सरळ केला. फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलला, आणि बोलत बोलत बाहेर गेला तो परत आला नाही.

टाळ्या पडल्या. पेटीवाला तर बाकावर उभा राहिला. पूर्वी भाषणात टाळ्या पडल्या की लुवुनो मनात त्यांची लांबी मोजायची. आज तिच्या डोळ्यांपुढे तो कंदील होता, आणि ते दमलेले चेहरे. दोन वेगळ्या पक्षांची, एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं, एकाच उजेडात दारापाशी उभी. कुणी जिंको, कुणी हरो. त्या माणसांना मोजता येतं, आणि हरलेलं सुद्धा सही करून सांगता येतं. आपण यांच्यातल्या आहोत याचा असा गर्व तिला आजवर कधी झाला नव्हता.

लोक पांगल्यावर मुसेंबी पडद्यापुढे बसला. “आता लाल पुसून टाकू ना? एका बटणाचं काम. चूक झाली होती हे उद्या कुणाच्या लक्षातही राहणार नाही.”

“पुसायचं नाही,” लुवुनो म्हणाली. “सरक.”

तिनं स्वतः बसून अडतीस ठिकाणी दुरुस्ती केली. लाल खूण तशीच ठेवली, तिच्यावरून एक रेघ ओढली, आणि शेजारी लिहिलं: ‘रात्रीचे. चूक माझी. लु. का.’ अडतीस वेळा लिहिलं. मुसेंबी म्हणाला, एकदा लिहून सगळीकडे उमटवता येतं की. तिनं ऐकलं नाही.

शेवटचं झालं तेवढ्यात फोन वाजला. आई.

लुवुनोनं मनात ठरवून ठेवलं होतं, उचलल्याबरोबर काय काय बोलायचं ते. पण आईच आधी बोलली.

“ट्रक गेला,” आई म्हणाली. “चारोनं तुझं पान दाखवलं मला त्याच्या फोनवर.”

“आई, मी तुला विचारलं... मी तुझ्यावर...”

“केंद्राध्यक्षाला विचारायचंच असतं. मला राग आला, तो माझा मी गिळेन. माझा कागद बघितला मी. रेघ एकच मारलीस.”

“हो.”

“खालचं वाचता येतंय.”

“हो आई.”

“नाव घातलंस.”  आई खाकरली. “चारोला म्हटलं, बघ, ही माझ्या वर्गातली आहे.”

लुवुनोनं तोंडावर हात दाबून धरला. मुसेंबीनं शहाण्यासारखं दुसरीकडे बघितलं.

“आता ऊठ,” आई म्हणाली. “अकरा वाजले, आणि सकाळपासून तुझ्या पोटात काही नसेल, मला ठाऊक आहे.”

पडद्याच्या कोपऱ्यात सतरा वाजले होते. लुवुनोनं तिकडे बघितलं नाही. “हो, अकरा वाजले,” ती म्हणाली, आणि जेवायला उठली.